वर्ल्ड्स विदाउट नंबर : खेळाडू पाहत नसतानाही हलणारं जग

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात गेम मास्टर जग चालवतो आणि बाकीचे खेळाडू त्यातली पात्रं होतात. सँडबॉक्स पद्धतीच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांच्या (सेशनच्या) सलग खेळात, गेम मास्टरकडं ठरलेली गोष्ट नसते. एक प्रदेश असतो, त्यात माणसं असतात, त्यांची भांडणं असतात, पडके अवशेष असतात. कुठं जायचं ते खेळाडू ठरवतात. टेबलावर बसल्यावर मात्र दोन ठिकाणी गाडी अडते. एक तर गेम मास्टर महिनाभर नकाशे रंगवत राहतो आणि खेळाडू त्यातल्या एका गावापलीकडं जातच नाहीत. नाहीतर खेळाडू जिथं पोचतील तिथं आयत्या वेळी काहीतरी रचलं जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनला सगळ्यांच्या लक्षात येतं की आपण पाठ फिरवली की हे जग थांबतं.

केविन क्रॉफर्ड यांच्या साइन नॉमिने पब्लिशिंगचं ‘वर्ल्ड्स विदाउट नंबर’ (२०२१) या दोन्ही अडचणींवर नेमका उपाय देतं. त्याच लेखकाच्या २०१० च्या ‘स्टार्स विदाउट नंबर’ या अंतराळातल्या खेळाची साधनं इथं जादू-तलवारीच्या जगासाठी नव्यानं बांधली आहेत. पुस्तक साडेतीनशेच्या पुढं पानांचं आहे आणि त्याची मोफत पीडीएफ ड्राइव्ह-थ्रू-आरपीजी या संकेतस्थळावर मिळते. ते वापरायला त्याचे लढाईचे नियम स्वीकारायलाच हवेत असं नाही. तुमच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती चालू असेल तरी यातला जग उभारणीचा भाग जसाच्या तसा लावता येतो, कारण त्यातले आकडे पात्रांच्या आकड्यांना कुठंही चिकटलेले नाहीत.

खेळाच्या मूळ नियमांबद्दल थोडक्यात. पात्राचे सहा गुण, ३ ते १८ मधले. १४ ते १७ ला +१ जोड आणि १८ ला +२. लढाई आणि बचाव वीस बाजूंच्या फाशावर, कौशल्य दोन सहा-बाजूंच्या फाशांवर. कौशल्याच्या मध्यम कामाला ८ लागतात. काहीच जोड नसेल तर ८ किंवा जास्त येण्याची शक्यता ३६ पैकी १५, +१ असेल तर ३६ पैकी २१. म्हणजे एका आकड्याला इथं खरी किंमत आहे. ‘शॉक’ नावाचा नियम आहे: हलक्या चिलखतातल्या शत्रूवर वार चुकला तरी थोडी इजा होतेच. त्यामुळं लढाया लवकर संपतात आणि पहिल्या पातळीचं पात्र सहज मरू शकतं. सँडबॉक्ससाठी हे उपयोगाचं आहे. खेळाडू लढायच्या आधी विचारपूस करू लागतात, आणि विचारपूस करणाऱ्या खेळाडूंनाच जग दिसतं.

तयारीबद्दल पुस्तकाचा नियम कडक आहे आणि तो पाळावा. पुढच्या सेशनला लागेल तेवढंच बनवायचं. त्यापलीकडं काही बनवायचं असेल तर ते बनवण्यातच मजा येत असेल तरच. हे जमण्यासाठी प्रत्येक सेशनच्या शेवटी खेळाडूंना स्पष्ट विचारायचं, ‘पुढच्या वेळी काय करणार?’ आणि मिळालेल्या उत्तराला त्यांना बांधून घ्यायचं. ही एक सवय लागली नाही तर बाकीचं सगळं पुस्तक वाया जातं. नव्या टेबलावर या प्रश्नाला बहुतेक वेळा शांतता मिळते, कारण खेळाडूंना निवडण्यासारखं काही माहीतच नसतं. म्हणून पहिल्याच सेशनमध्ये एकमेकांच्या आड येणारी तीन कामं त्यांच्यासमोर ठेवा. एक केलं तर दुसरं हातचं जाईल अशी मांडणी हवी. तिन्ही आरामात एकामागून एक करता आली तर ती निवड उरत नाही, कामांची यादी होते.

गावं, अवशेष, राजदरबार आणि रानं यांच्यासाठी पुस्तकात ‘टॅग’ आहेत, म्हणजे त्या जागेचं वैशिष्ट्य सांगणाऱ्या तयार कल्पना. प्रत्येक टॅगखाली पाच कप्पे: शत्रू, मित्र, गुंतागुंत, वस्तू, जागा. गावाला दोन टॅग काढायचे आणि एकमेकांत मुरवायचे. ही मुरवण्याची पायरीच बहुतेक लोक सोडतात. समजा ‘ब्लड फ्यूड’ (घराण्यांचं वैर) आणि ‘टॉक्सिक इकॉनॉमी’ (विषारी धंदा) निघाले. नुसतं ‘इथं दोन घराण्यांचं वैर आहे आणि इथला धंदा विषारी आहे’ असं लिहिलं तर दोन सुट्या चिठ्ठ्या हातात राहतात. एका टॅगचं कारण दुसऱ्यात शोधा. गाव हिंगूळ भाजून पारा काढण्यावर जगतं. भट्ट्या वरच्या वाड्याच्या, हिंगुळाची खाण खालच्या वाड्याची. भट्टीवरच्या माणसांचे हात थरथरतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि प्रत्येक वाडा आजाराचं खापर दुसऱ्यावर फोडतो. आता पाच कप्पे आपोआप भरतात. शत्रू: आजाऱ्यांना पैसे चारून गप्प करणारा भट्टीचा मुकादम. मित्र: आजाऱ्यांची नोंद ठेवणारी वैद्यीण. गुंतागुंत: भट्टी थांबली तर गावाची मजुरी थांबते, म्हणून आजारी लोकच तिच्या बाजूनं उभे राहतात. वस्तू: वैद्यिणीची वही. जागा: वाऱ्याच्या खालच्या अंगाची भट्टीची पडवी. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर दोन सेशन निघतात.

टॅग सगळीकडं सारख्या दर्जाचे नाहीत. गावांचे आणि अवशेषांचे टॅग उत्तम आहेत. रानाचे टॅग वापरताना जपावं लागतं, कारण रानातल्या जागेचं शेजारच्या गावाशी काय नातं आहे हे तुम्हालाच जोडावं लागतं. ते जोडलं नाही तर रान म्हणजे वाटेत येणाऱ्या विचित्र जागांची रांग होते.

नकाशा ६ मैलांच्या हेक्सचा, म्हणजे षटकोनी घरांचा आहे. या मापाबद्दल पुस्तक जेवढं सांगतं त्याहून थोडं जास्त समजून घेतलं तर जग एकदम घट्ट होतं. एका सपाट बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत ६ मैल, म्हणजे साडेनऊ किलोमीटरहून जास्त. क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस मैल, म्हणजे ८१ चौरस किलोमीटर. शेतीच्या मुलखात एवढ्या जागेत एकच गाव सहसा नसतं. नवे गेम मास्टर दहा हेक्समध्ये मिळून एक खेडं टाकतात आणि मधोमध पन्नास हजारांचं शहर बसवतात. मग एखादा खेळाडू विचारतो, ‘यांना धान्य येतं कुठून?’ आणि उत्तर नसतं. साधा हिशेब ठेवा. शेतीच्या मुलखात चौरस किलोमीटरला ३० माणसं धरा, म्हणजे हेक्समध्ये सुमारे २,४०० लोक, तीन ते सहा खेड्यांत विभागलेले. त्यांच्या पिकातून दहा टक्के शहराला पोचतं असं धरलं तर एक हेक्स २४० शहरी पोटं भरतो. शहराभोवती तीन हेक्सचा पट्टा म्हणजे शहराचा धरून ३७ हेक्स. त्यावर नऊ हजारांच्या आसपास वस्ती जगते. त्याहून मोठं शहर हवं असेल तर नदी किंवा समुद्र द्या, कारण नावेतून धान्य लांबून येऊ शकतं आणि बैलगाडीतून फार लांबून आणणं परवडत नाही. आकडे तुम्ही बदला, पण हिशेब करा. धान्य कोणत्या वाटेनं येतं हे कळलं की जकातनाके कुठं, लुटारू कुठं, कोणाचा कोणावर दाब, हे सगळं नकाशावर आपोआप उमटतं. पुस्तकात लोकसंख्या आणि अन्नाची ही बाजू पातळ आहे आणि ती मला खरी उणीव वाटते.

पुस्तकाचं काळीज म्हणजे फॅक्शनचे, म्हणजे जगातल्या गटांचे नियम. प्रत्येक गटाला कनिंग (धूर्तपणा), फोर्स (बळ) आणि वेल्थ (संपत्ती) असे तीन गुण, १ ते ८. साधारण महिन्यातून एकदा, किंवा दोन मोहिमांच्या मध्ये, फॅक्शनची फेरी होते. आठ बाजूंच्या फाशावर क्रम ठरतो. मग प्रत्येक गट आपलं उत्पन्न घेतो: वेल्थच्या निम्मं, अधिक फोर्स आणि कनिंगच्या बेरजेचा चौथा हिस्सा. वेल्थ ६, फोर्स ३, कनिंग ५ असलेल्या घाटवाटेच्या जकातदारांना दर फेरीला ३ अधिक २, म्हणजे ५ ट्रेझर (गटाचा खर्चायचा पैसा). त्यानंतर एका फेरीला एकाच प्रकारची चाल: हल्ला, हलवाहलव, डागडुजी, नवं साधन उभं करणं, प्रभाव वाढवणं असे पर्याय आहेत. साधनं म्हणजे सैन्य, हेर, सावकार, पंथ वगैरे. हल्ल्यात दोन्ही बाजू दहा बाजूंचा फासा टाकून आपापला गुण मिळवतात आणि मोठी बेरीज जिंकते. बचावाला कोणतं साधन पुढं करायचं ते बचाव करणारा ठरवतो. गटाच्या मुख्य ठाण्याला झालेली इजा थेट गटाच्या जिवाला लागते, त्यामुळं बलाढ्य गटसुद्धा ठाणं उघडं पडलं तर कोसळतो.

हे सगळं खेळाडूंच्या नकळत, गेम मास्टर एकटा बसून खेळतो, आणि त्याचा मोठा गुण हा की निकाल गेम मास्टरच्या हातात नसतो. स्वतः ठरवलं की आपला आवडता खलनायक दर वेळी जिंकतो. फाशांमुळं तो एखाद्या फेरीत हेरांचं जाळं गमावतो आणि ते का झालं हे शोधावं लागतं. त्या शोधातून जग खरं वाटू लागतं.

पण इथंच बहुतेक कॅम्पेनचं गणित बिघडतं. पहिली चूक गटांच्या संख्येची. उत्साहात सात-आठ गट होतात, प्रत्येकाची चार-पाच साधनं, आणि फेरीला दोन तास जातात. दोन-तीन फेऱ्यांनंतर गेम मास्टर फेरी करणंच बंद करतो. तीन गट पूर्ण नियमांनी चालवा, चौथा फार तर. बाकीच्यांना फक्त एक उद्दिष्ट आणि सहा बाजूंचा फासा द्या: १-२ मागं सरकले, ३-४ जागेवर, ५-६ पुढं. खेळाडू त्यांच्या मुलखात शिरले तरच पूर्ण आकडे लिहा.

दुसरी चूक: गट एकमेकांच्या वाटेत नसतात. पूर्वेला राजा, पश्चिमेला पंथ, मध्ये सहा दिवसांचं रान. मग हल्ल्याला लक्ष्यच नसतं आणि प्रत्येक गट आपापल्या कोपऱ्यात साधनं जमवत बसतो. सुरुवातीच्या तिन्ही गटांचं किमान एक साधन खेळाडूंच्या पहिल्या गावात किंवा शेजारच्या हेक्समध्ये हवंच.

तिसरी चूक सगळ्यांत महाग, आणि पुस्तक तिच्याबद्दल कमी बोलतं. फेरीचा निकाल गेम मास्टरच्या वहीत राहतो. वरच्या वाड्याच्या हत्यारबंद माणसांचा फोर्स ३, फासा ७, बेरीज १०. जकातदारांच्या हेरांचा कनिंग ५, फासा २, बेरीज ७. हेर गेले. पण खेळाडूंना यातलं काय दिसलं? काहीच दिसलं नसेल तर ही फेरी झाली काय आणि न झाली काय. म्हणून प्रत्येक फेरीनंतर एका कार्डावर तीन ओळी लिहा: काय झालं, ते कोणाला दिसलं, मागं काय उरलं. वरच्या निकालाचं कार्ड असं होईल. नाक्यावरचा कारकून चार दिवसांपासून दिसत नाही. बाजारात खेचरवाले सांगतात की माल पायथ्याशीच अडलाय आणि मिठाचा भाव चढलाय. कारकुनाची बायको वैद्यिणीकडं लपली आहे. तिन्ही गोष्टी खेळाडूंच्या हाताला लागू शकतात, कोणतीही एक पकडली तरी धागा मिळतो, आणि एकही पकडली नाही तरी मिठाचा भाव त्यांच्या खिशाला जाणवतो. तीन गटांची फेरी आणि तीन कार्डं, अर्ध्या-पाऊण तासात होतात.

बातमीला वेग द्या. रस्त्यानं पायी चालणारा माणूस दिवसाला चार हेक्स धरला, तर आठ हेक्सवरची बातमी निरोप्या दोन दिवसांत आणतो. आठवडी बाजारातून बाजारात पोचणाऱ्या बातमीला तेवढ्याच अंतराला दोन आठवडे लागू शकतात, आणि तोवर ती अर्धी बदललेली असते. खेळाडूंनी निरोप्याला पैसे दिले तर त्यांना खरं आणि लवकर कळतं; दिले नाहीत तर उशिरा आणि वेडंवाकडं. माहितीला अशी किंमत आली की खेळाडू गावोगावी स्वतःची माणसं पेरू लागतात, आणि कॅम्पेन आपल्या पायावर उभं राहतं.

अनपेक्षित भेटींचे नियमही याच दिशेनं काम करतात. समोर कोणी आलं की दोन फाशांवर त्यांचा कल पाहायचा. ६ ते ८ मध्ये नेहमीची, अपेक्षित वागणूक, आणि ही बेरीज ३६ पैकी १६ वेळा येते. म्हणजे भेटलेले लुटारू जवळजवळ निम्म्या वेळा लुटारूंसारखेच वागतील, पण कधीतरी ते पाणी मागतील. प्रत्येक जीवाला धैर्याचा आकडा आहे, त्यामुळं शत्रू शेवटच्या थेंबापर्यंत लढत नाहीत, पळतात, शरण येतात. शिवाय ‘इन्स्टिंक्ट’ आहे: धामधुमीत दहा बाजूंच्या फाशावर त्या आकड्याइतकं किंवा कमी आलं की तो प्राणी शहाणपणाची चाल सोडून स्वभावानुसार वागतो. पळून गेलेल्या लुटारूचं नाव लिहून ठेवा. पुढच्या फॅक्शन फेरीत तो कुणाच्या तरी पदरी असेल.

खतरा खेळाडूंच्या पातळीनुसार बदलायचा नाही, हे सँडबॉक्सचं मूळ तत्त्व. पण मग चाहूल द्यावी लागते. मोठ्या शिकाऱ्याच्या हद्दीच्या एक हेक्स आधी खुणा दिसायला हव्यात: सोडून गेलेले पाडे, गुरांची हाडं, त्या बाजूला जायला नकार देणारा वाटाड्या. खुणा न देता ठार मारलं तर खेळाडू पुन्हा कधीच रस्ता सोडत नाहीत.

खेळाडूंनी जग बदलायचं ठरवलं तर त्यासाठी ‘मेजर प्रोजेक्ट’ (मोठी कामं) आणि ‘रिनाउन’ (नावलौकिक) आहेत. मोहिमांतून रिनाउन मिळतं आणि ते कालवा खणणं, नवा पंथ रुजवणं, खाणीला दुसरा धंदा शोधणं अशा कामांवर खर्च होतं. किंमत तीन गोष्टींवर ठरते: बदल कितपत शक्य वाटतो, तो किती मोठ्या मुलखाला लागू आहे आणि त्याला विरोध किती. विरोध मोहिमेतून कमी करता येतो. मला या पुस्तकातला हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. ‘आम्हाला हे गाव सुधारायचंय’ असं खेळाडू म्हणाले की पुढची चार-पाच कामं त्या विरोधातूनच निघतात, आणि गेम मास्टरला आमिष शोधावं लागत नाही.

सह्याद्रीसारखा मुलूख उभा करायचा असेल तर एक दुरुस्ती आवश्यक आहे: पाऊस. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्याआधी परत फिरत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा निघत. वर्षाच्या बारा फॅक्शन फेऱ्यांपैकी आषाढ ते आश्विनाच्या सुरुवातीपर्यंतच्या फेऱ्यांत फोर्सच्या साधनांना हलवाहलव बंद ठेवा. कनिंगच्या साधनांना मोकळीक द्या. लगेच राजकारणाला ऋतू येतात: पावसात कट, दसऱ्यानंतर हल्ले. घाट चढणाऱ्या हेक्सला लादलेल्या जनावरांसाठी अख्खा दिवस द्या, म्हणजे वाटेवरच्या नाक्याला आपोआप जोर येतो. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीशी जोडला जातो तो याच कारणानं: वाट एकच, आणि माल तिथूनच जाणार. चौथाई २५ टक्के आणि सरदेशमुखी १० टक्के असे दोन हक्क दोन वेगळ्या गटांकडं दिले तर एकाच खेड्यावर दोघांची वसुली येते आणि भांडण लावायची गरज उरत नाही.

पुस्तकाच्या उणिवा लपवण्यासारख्या नाहीत. मजकूर दाट आहे, उदाहरणं कमी आहेत, आणि फॅक्शनची एक पूर्ण फेरी सावकाश उलगडून दाखवलेली असती तर नव्या गेम मास्टरचे पुष्कळ कष्ट वाचले असते. सोबतचं ‘लॅटर अर्थ’ हे जग, म्हणजे अगणित संस्कृतींच्या थरांवर उभी असलेली फार पुढच्या काळातली पृथ्वी, देखणं आहे, पण त्याच्या नावांचा आणि इतिहासाचा भार पहिल्याच वाचनात दडपून टाकतो. ते प्रकरण खुशाल मागं ठेवा. तयार गोष्ट हवी असलेल्या टेबलासाठी हे पुस्तक नाही. दर सेशनआधी अर्धा तासही देता येत नसेल त्यांच्यासाठीही नाही.

विकतची डिलक्स आवृत्ती घ्यावी का? तिच्यात वीर पात्रांचे नियम, लेगेट नावाची त्याहूनही बलाढ्य पात्रं आणि पात्रांचे काही जादा वर्ग आहेत. सँडबॉक्सची सगळी साधनं मोफत पीडीएफमध्येच आहेत, तेव्हा आधी ती वापरून पाहा. प्रदेश उभारणी, टॅग, फॅक्शन आणि प्रोजेक्ट एवढीच पानं छापून स्पायरल बाइंडिंग करून घ्या; पीडीएफमध्ये मागंपुढं करत टॅग मुरवता येत नाहीत, दोन पानं शेजारी उघडी लागतात. फॅक्शनच्या साधनांची यादी वेगळी काढा, कारण ती प्रत्येक फेरीला हाताशी लागते.